अर्ध्या तासाचा एक प्रश्न

जूनमधली सकाळ. इंग्लंडमधल्या एखाद्या शाळेच्या सभागृहात बाकं लांब लांब मांडलेली असतात. हातात पडलेल्या प्रश्नपत्रिकेत बारा प्रश्न आणि वेळ तीन तास. कॅल्क्युलेटर नाही, सूत्रांचा तक्ता नाही. प्रश्न हवे तितके सोडवा, पण ज्या सहांत सर्वाधिक गुण पडतील तेवढेच धरले जाणार. प्रत्येकाला २० गुण, एकूण १२०. हिशेब सरळ आहे : एका प्रश्नाला अर्धा तास.

केंब्रिज विद्यापीठात गणित शिकायला जायचं तर ही परीक्षा द्यावी लागते. तिचं नाव 'सिक्स्थ टर्म एक्झामिनेशन पेपर'. सगळे तिला 'स्टेप' म्हणतात. अर्ज झालेला असतो, मुलाखत झालेली असते, जानेवारीत प्रवेशाचं पत्रही हाती आलेलं असतं. पण त्या पत्रात एक अट असते. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत उत्तम श्रेणी तर हव्यातच, शिवाय 'स्टेप'च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या पेपरांत साधारणपणे पहिली श्रेणी हवी. निकाल ऑगस्टमध्ये लागतो. गणिताच्या सुमारे अडीचशे जागांसाठी केंब्रिज जवळजवळ दुप्पट मुलांना अशी सशर्त पत्रं देतं. पत्र मिळालेल्यांपैकी बऱ्याच जणांना 'स्टेप'ची अट पार करता येणार नाही, हे विद्यापीठाने गृहीतच धरलेलं असतं.

आपल्याकडच्या पालकाला यातली एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. या परीक्षेत १२० पैकी साठ ते पंच्याहत्तरच्या दरम्यान गुण मिळवणाऱ्यांना अनेक वर्षी पहिली श्रेणी मिळाली आहे. शेकडा पन्नास-साठ! दहावीला ९५ टक्के मिळूनही जिथे घरात शांतता पसरते, तिथे हा आकडा सांगायलाही संकोच वाटावा. पण ज्या पेपरात हुशार मुलालाही निम्मे गुण मिळवताना घाम फुटतो, तो पेपर हुशारांमधला फरक दाखवू शकतो. सगळ्यांना ९५ मिळाले की निवड करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

* * *

अशा एकेका विषयाच्या प्रवेश परीक्षांचं मूळ इंग्लंडमधल्या पदवीच्या रचनेत आहे. आपल्याकडे बी. एस्सी.ला आलेली मुलगी पहिल्या वर्षी तीन-चार विषय घेते आणि शेवटी एकावर येते. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये पहिल्या दिवसापासून जवळपास एकच विषय असतो. गणिताचा विद्यार्थी गणितच करतो, कायद्याचा कायदाच. शिकवण्याची पद्धतही तशीच. आठवड्याला दोन-तीन विद्यार्थी आणि एक अध्यापक समोरासमोर बसून त्यांच्या लेखी कामावर तासभर बोलतात. याला ऑक्सफर्डमध्ये 'ट्युटोरियल' आणि केंब्रिजमध्ये 'सुपरव्हिजन' म्हणतात. अशा तासाला ज्याला त्या विषयात मनापासून रमता येत नाही त्याचे हाल होतात. म्हणून प्रवेशाच्या वेळी विद्यापीठ एकच गोष्ट तपासतं : या विषयात, अनोळखी वाटेवर, हे मूल कसं चालतं?

दोन्ही विद्यापीठांना दरवर्षी वीस हजारांहून अधिक अर्ज येतात. जागा तीन-साडेतीन हजार. साधारण सातांत एकाची निवड होते. एका वर्षी दोन्हीकडे अर्ज करता येत नाही, कुठलं तरी एकच निवडावं लागतं. अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर, म्हणजे इतर बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांच्या कितीतरी आधी. मुलाखती डिसेंबरात होतात. 'स्टेप' सोडली तर विषयनिहाय परीक्षा मुलाखतीच्या आधी आटोपतात, आणि मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवताना त्यांचे गुण पाहिले जातात.

एका विषयात बुडालेल्या मुलाची सर्वसाधारण परीक्षेत काय गत होते, याचं उदाहरण भारताला चांगलं ठाऊक आहे. श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर दाखल झाला. गणितापुढे इतर विषयांकडे लक्ष दिलं नाही, शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैय्यप्पा कॉलेजातही तेच झालं. गणित सोडून बाकी विषयांत नापास. १९१४ साली तो केंब्रिजला पोचला, तोवर त्याच्याकडे पदवी नव्हती. त्याला बोलावून घेणारे गणिती जी. एच. हार्डी यांचं परीक्षांविषयीचं मत फार कडवट होतं, आणि त्याला कारणही होतं.

* * *

क्लास, टेस्ट सिरीज, अपेक्षित प्रश्नसंच हे सगळं आपल्याकडे उगवलं असं आपण मानतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या केंब्रिजमध्ये खाजगी क्लासचा धंदा आजच्या कोटा किंवा लातूरला शोभेल इतक्या भरात होता. तिथली गणिताची पदवी परीक्षा 'ट्रायपॉस' म्हणून ओळखली जाते. तिच्या पहिल्या वर्गात आलेल्यांना 'रँग्लर' म्हणत आणि त्यांतल्या पहिल्याला 'सीनिअर रँग्लर'. गुणानुक्रम सिनेट हाउसमध्ये जाहीर वाचला जाई, वर्तमानपत्रांत छापून येई. विद्यापीठातल्या व्याख्यानांवर विसंबून हा क्रम मिळत नसे. त्यासाठी पैसे मोजून खाजगी शिक्षकाकडे जावं लागे.

विल्यम हॉपकिन्स हे असे एक नामांकित शिक्षक. जॉर्ज स्टोक्स, पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले विल्यम थॉमसन आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे त्यांचे विद्यार्थी. १८५४ साली एडवर्ड राउथ पहिला आला आणि मॅक्सवेल दुसरा. विजेविषयीची आणि चुंबकत्वाविषयीची समीकरणं देणारा माणूस दुसरा! राउथ पुढे स्वतः क्लास घेऊ लागले आणि त्यांच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनिअर रँग्लर तयार झाले. ठरावीक नमुन्याची गणितं, रोजचा सराव आणि वेग हेच त्यांच्या क्लासचं भांडवल.

या शर्यतीत १८९९ साली एक मराठी नाव सर्वांत वर आलं. दापोलीजवळच्या मुर्डी गावात १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले होते. त्या वर्षीचा पहिला क्रमांक त्यांना आणि बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याला विभागून मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. महर्षी धोंडो केशव कर्वे त्यांचे आतेभाऊ. 'रँग्लर' ही पदवी महाराष्ट्रात नावाच्या आधी लागू लागली ती तेव्हापासून. पुढे रँग्लर महाजनी झाले. परांजपे परतून फर्ग्युसनमध्येच आले आणि १९०२ पासून वीसहून अधिक वर्षं प्राचार्य राहिले.

त्याच्या एकच वर्ष आधी, १८९८ साली, हार्डी चौथा आला होता. ट्रायपॉसच्या क्लासला तो इतका कंटाळला होता की गणित सोडून इतिहास घ्यावा असं त्याच्या मनात येऊन गेलं. पुढे त्याने गुणानुक्रमाची ही पद्धत मोडण्यासाठी जोर लावला. १९०९ नंतर क्रमवार यादी जाहीर करणं बंद झालं. गणिताचं ज्ञान आणि परीक्षेचं तंत्र यांची गल्लत झाली आहे, हा त्याचा आक्षेप होता.

याच यादीने आणखी एक गोष्ट घडवली. १८९० साली न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेटचं नाव सिनेट हाउसमध्ये वाचलं गेलं, ते 'सीनिअर रँग्लरच्या वर' या शब्दांत. स्त्रियांना गुण मिळत, क्रम मिळे, पदवी मिळत नसे. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. परीक्षा कितीही कठोर असली तरी दाराशी कोण उभं राहू शकतं हे आधीच ठरलेलं असेल, तर तिच्या न्यायाला मर्यादा पडते. आजच्या प्रवेश परीक्षांच्या मागेही हाच प्रश्न आहे.

* * *

विसाव्या शतकात बराच काळ ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा होत्या. खर्चिक खाजगी शाळांतली मुलं शेवटची शालेय परीक्षा दिल्यावरही एक सत्र शाळेत थांबत आणि फक्त या परीक्षेची तयारी करत. त्याला 'सातवं सत्र' म्हणत. सरकारी शाळांना असं सत्र चालवणं परवडत नसे. ॲलन बेनेट यांचं २००४ साली रंगमंचावर आलेलं 'द हिस्टरी बॉइज' हे नाटक या सत्राभोवतीच फिरतं. शेफील्डमधल्या शाळेतली मुलं, इतिहासाची परीक्षा, आणि तयारी कशी करून घ्यायची याविषयी दोन शिक्षकांमधली खोल दरी. एक विषयावर प्रेम करायला शिकवतो, दुसरा परीक्षकाचं लक्ष वेधायला.

हा अन्याय लक्षात येऊन केंब्रिजने १९८६ नंतर आपली जुनी परीक्षा बंद केली. १९८७ साली 'स्टेप' आली. तिच्या नावातलं 'सहावं सत्र' मुद्दाम आहे. शाळेच्या नेहमीच्या सहा सत्रांतच ही परीक्षा देता यावी, सातव्याची गरज पडू नये. ऑक्सफर्डची जुनी परीक्षा १९९५ पर्यंत चालली. पण शालेय परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळवणारे इतके वाढले की निवड कशी करायची हा पेच पुन्हा उभा राहिला, आणि एकेका विषयाच्या परीक्षा परत आल्या. २००४ मध्ये कायद्यासाठी 'एलनॅट'. गणितासाठी ऑक्सफर्डची परीक्षा २००७ पासून 'मॅट' या नावाने घेतली जाऊ लागली. २०२४ पासून केंब्रिज आणि लंडनचं इम्पिरियल कॉलेज यांनी मिळून चालवलेल्या परीक्षा : अभियांत्रिकी व विज्ञानासाठी 'ईसॅट' आणि गणिताशी निगडित अभ्यासक्रमांसाठी 'टीएमयूए'.

नावं आणि साचे सतत बदलतात. २०२३ मध्ये वैद्यकीय शाखेची 'बीमॅट' शेवटची झाली आणि आता दोन्ही विद्यापीठं 'यूकॅट' पाहतात. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संगणकावर घेतलेल्या काही परीक्षांत तांत्रिक घोळ झाला आणि पुढच्या वर्षी परीक्षा घेणारी यंत्रणाच बदलली. म्हणून तयारीची पहिली पायरी रुक्ष आहे, पण ती चुकवता येत नाही : आपण अर्ज करणार त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमाला, कोणती परीक्षा आहे आणि तिची नोंदणी कधी संपते, हे विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर वाचायचं. नोंदणी प्रवेश अर्जापासून वेगळी असते. अर्ज वेळेत भरूनही परीक्षेची नोंदणी राहून गेली, तर सगळं वाया जातं.

* * *

आता प्रश्न कसा असतो ते पाहू. पुढचं उदाहरण कुठल्याही प्रश्नपत्रिकेतलं नाही, पण घडण तीच आहे.

एक धन पूर्णांक घ्या. त्याचा चौथा घात करा आणि त्यात ४ मिळवा. १ घेतला तर उत्तर ५. २ घेतला तर १६ अधिक ४, म्हणजे २०. ३ ला ८१ अधिक ४, म्हणजे ८५. ४ ला २६०. ५ ला ६२९. यांपैकी ५ ही मूळ संख्या आहे. २०, ८५ आणि २६० यांचे अवयव उघड दिसतात. ६२९ जरा फसवते, पण ती १७ गुणिले ३७ आहे. तर प्रश्न असा : १ सोडून दुसरा कोणताही धन पूर्णांक घेतला, तर असं मिळणारं उत्तर कधीच मूळ संख्या नसतं, हे सिद्ध करा.

आठवीच्या पुस्तकातलं 'दोन वर्गांच्या वजाबाकीचं' सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण इथे वजाबाकी दिसतच नाही, बेरीज आहे. विद्यार्थी थबकतो तो इथे, आणि परीक्षकाला पाहायचंय तेही हेच. ज्याने पुरेसा वेळ कागदावर खेळण्यात घालवला आहे त्याला सुचतं : घेतलेल्या संख्येच्या वर्गात २ मिळवून त्याचा वर्ग केला तर चौथा घात आणि ४ हे दोन्ही मिळतात, फक्त मध्ये वर्गाची चौपट जास्तीची येते. ती वजा करून टाकू. ही चौपट म्हणजे संख्येच्या दुपटीचा वर्ग. झाली दोन वर्गांची वजाबाकी! अवयव पडतात : वर्ग अधिक दुप्पट अधिक २, आणि वर्ग वजा दुप्पट अधिक २. पाचासाठी ३७ आणि १७. उत्तर मूळ संख्या व्हायची तर यांतला लहान अवयव १ असला पाहिजे. लहान अवयव नीट पाहिला तर तो म्हणजे 'संख्येतून १ वजा करून केलेला वर्ग, अधिक १'. तो १ होतो फक्त संख्या १ असताना. सिद्धता पूर्ण.

इथे लागणारं सगळं ज्ञान शाळेतलं आहे. कोणतंही नवं सूत्र नाही. अवघड आहे ते सूत्र नसलेल्या जागी सूत्र पाहणं. 'स्टेप'चे प्रश्न बहुधा पायऱ्यापायऱ्यांनी येतात. पहिल्या भागात एक युक्ती सापडते, दुसऱ्यात ती वापरायची असते, तिसऱ्यात ती थोडी वाकवावी लागते. पहिला भाग सोपा म्हणून घाईने उरकला आणि त्यात काय घडलं हे पाहिलं नाही, तर तिसऱ्याशी रस्ता बंद होतो.

आपल्याकडे एखादा धडा 'ऑप्शनला टाकणं' म्हणजे तो न वाचणं. 'स्टेप'मध्ये ऑप्शनला टाकण्याचा अर्थ निराळा होतो. बारापैकी आठ प्रश्न शुद्ध गणिताचे, दोन यांत्रिकीचे आणि दोन संभाव्यता-सांख्यिकीचे. कोणते सहा घ्यायचे हे प्रश्न वाचून तिथेच ठरवावं लागतं. लांबलचक दिसणारा प्रश्न अनेकदा जास्त मदत करणारा निघतो, आणि दोन ओळींचा प्रश्न गोठवून टाकतो. हा अंदाज घेणं हेही सरावानेच येतं. अर्धे अर्धे सोडवलेले दहा प्रश्न आणि शेवटापर्यंत नेलेले पाच यांत दुसरा पर्याय बहुधा सरस ठरतो, कारण हिशेबात सहाच धरले जातात.

* * *

मग तयारी करायची कशी?

जेईई ॲडव्हान्स्डचा अभ्यास केलेल्या मुलांना इथे मोठा फायदा असतो. कलन, शंकू छेद, सदिश, संमिश्र संख्या या सगळ्यांत त्यांचा हात बसलेला असतो, कॅल्क्युलेटरची सवय नसते. अडचण येते ती लिहिण्यात. पर्यायांतून उत्तर हुडकण्याची, पर्याय उलटे घालून पाहण्याची सवय असेल, तर 'सिद्ध करा' या दोन शब्दांपुढे पेन अडतं. 'स्टेप'मध्ये उत्तराइतकाच त्याच्यापर्यंत जाणारा तर्क तपासतात. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून का निघाली हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. उलट दिशेने विधान खरं आहे का, एखादी बाजू सुटली का, शून्याने भागलं गेलं का, हे लिहिणाऱ्याने स्वतः तपासायचं असतं.

सुटणारी बाजू कशी असते याचं एक छोटं उदाहरण. कोणत्या संख्यांचा वर्ग आणि दोनाचा तितकावा घात समान असतात? दोन घेतला तर दोन्हीकडे ४. चार घेतला तर दोन्हीकडे १६. बहुतेकांचं उत्तर इथे संपतं. आलेख काढणारा मात्र डावीकडेही पाहतो. शून्यापाशी वर्ग शून्य आहे आणि घात १, म्हणजे घात वर. उणे एकपाशी वर्ग १ आणि घात अर्धा, म्हणजे वर्ग वर. दोन्ही वक्र अखंड आहेत, तेव्हा मध्ये कुठेतरी ते एकमेकांना छेदणारच. तिसरं उत्तर आहे आणि ते ऋण आहे. इथे आकडेमोड जवळजवळ नाही, एक चित्र पुरतं. म्हणून ऑक्सफर्डच्या आणि केंब्रिजच्या गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना आधी आलेख काढायची सवय लावून घ्यावी.

अशा अभ्यासाची वही निराळी असते. एक प्रश्न घ्यायचा आणि त्याच्याशी अर्धा तास, कधी दोन दिवस बसायचं. अडलं की लगेच उत्तर उघडायचं नाही. अखेर उघडलंच, तर फक्त पुढची एक ओळ वाचून पुन्हा बंद करायचं. सुटल्यावर तारीख टाकून दोन ओळी लिहायच्या : अडलो कुठे, आणि काय दिसल्यावर सुटलं. महिन्याभराने तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचा. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यांत घड्याळ लावून पूर्ण पेपर. त्या आधी घड्याळ नकोच.

याच्या उलट टोकाला 'ईसॅट' आहे. गणिताचा एक भाग सर्वांना सक्तीचा, आणि भौतिकी, रसायन, जीवशास्त्र किंवा पुढचं गणित यांतले अभ्यासक्रमानुसार आणखी भाग. प्रत्येक भागाला ४० मिनिटं आणि २७ बहुपर्यायी प्रश्न. एका प्रश्नाला दीड मिनिटही मिळत नाही. कॅल्क्युलेटर इथेही नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही जागा कोरी सोडण्यात अर्थ नाही. 'टीएमयूए'त ७५ मिनिटांचे दोन पेपर, प्रत्येकी २० प्रश्न. दुसरा पेपर तर्काचा. 'जर' आणि 'तरच' यांतला फरक, उलटविधान, आवश्यक अट आणि पुरेशी अट, दिलेल्या सिद्धतेत चूक कोणत्या ओळीत झाली हे शोधणं. जेईईचा वेग इथे कामाला येतो. मात्र तर्काचा भाग आपल्या पाठ्यपुस्तकात पहिल्या प्रकरणात येतो आणि अनेक वर्गांत घाईने उरकला जातो. त्याच्याकडे परत जाणं ही सर्वांत स्वस्त तयारी आहे.

* * *

भाषेच्या विषयांची तयारी आणखी निराळी. कायद्याच्या 'एलनॅट'ला कायद्याचं ज्ञान लागत नाही. पहिल्या भागात बारा उतारे, त्यांवर ४२ बहुपर्यायी प्रश्न आणि ९५ मिनिटं. दुसऱ्या भागात तीनपैकी एका विषयावर ४० मिनिटांत निबंध. उतारा वाचून लेखकाचं मत काय, त्याने दिलेला पुरावा काय, आणि न सांगता गृहीत धरलेलं काय, हे वेगळं करता यायला हवं.

समजा, एखाद्या लेखकाने म्हटलं की शहरातली ग्रंथालयं बंद पडली त्याच काळात तरुणांचं वाचन घटलं, तेव्हा ग्रंथालयं उघडली की वाचन वाढेल. यात त्याने काय धरून चालवलंय? ग्रंथालयं बंद पडल्यामुळेच वाचन घटलं, हे. कदाचित वाचन आधीच घटलं आणि म्हणून ग्रंथालयं बंद पडली असतील. कदाचित दोन्हीमागे तिसरंच कारण असेल. मतावर चिडणं किंवा भाळणं बाजूला ठेवून त्याचा सांगाडा पाहता येणं, ही सवय रोज एक अग्रलेख काळजीपूर्वक वाचून लागते. मराठी अग्रलेखानेही लागते. मात्र इंग्रजीत लिहायचं असल्याने इंग्रजीतही हाच रियाज हवा. निबंधात चार मुद्दे पसरण्यापेक्षा दोन मुद्दे शेवटापर्यंत नेले आणि आपल्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊन त्याला उत्तर दिलं, तर लिखाण वजनदार होतं.

ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी पहिली स्त्री महाराष्ट्रातली होती. नाशिकला १८६६ साली जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती, पण स्त्री म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ साली ती सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. १८९२ साली बॅचलर ऑफ सिव्हिल लॉच्या परीक्षेला पुरुषांच्या बरोबरीने बसायला तिला विद्यापीठाची खास परवानगी काढावी लागली. परीक्षा दिली, पदवी मात्र मिळाली १९२२ साली. तीस वर्षांनी.

* * *

तयारीला पैसा किती लागतो? इंग्लंडमध्ये आणि भारतातही या परीक्षांचे महागडे क्लास आहेत. राउथचा धंदा नव्या रूपात चालू आहे. पण गणिताच्या बाबतीत तरी उत्तम साहित्य फुकट मिळतं, हे प्रत्येक मराठी घरापर्यंत पोचायला हवं. केंब्रिजमध्ये शिकवणारे स्टीफन सिक्लॉस यांनी 'स्टेप'च्या निवडक प्रश्नांचं सविस्तर पुस्तक लिहिलं. उत्तराच्या आधी विचार कसा धावतो हे त्यात सांगितलं आहे. २०१६ साली ते ओपन बुक पब्लिशर्सने काढलं आणि इंटरनेटवर विनामूल्य ठेवलं. सिक्लॉस २०१९ साली गेले. केंब्रिजचा 'स्टेप सपोर्ट प्रोग्रॅम' पायाभूत स्वाध्यायांपासून सुरुवात करतो आणि तोही विनामूल्य आहे. शाळकरी मुलांसाठी 'एन्रिच' हे संकेतस्थळ आहे. ऑक्सफर्डच्या गणित विभागाने 'मॅट'चे प्रश्न इंटरनेटवर थेट प्रक्षेपणात सोडवून दाखवले आहेत. जुन्या प्रश्नपत्रिका दोन्ही विद्यापीठांनी खुल्या ठेवल्या आहेत.

पैशाचा खरा डोंगर परीक्षेनंतर येतो. परदेशी विद्यार्थ्याला ऑक्सफर्डमध्ये वर्षाला तीस हजार पौंडांहून अधिक शुल्क भरावं लागतं, राहण्याखाण्याचं वेगळं. पदवीपूर्व शिष्यवृत्त्या मोजक्या आहेत. बारावीच्या मंडळांविषयी दोन्ही विद्यापीठांचे नियमही सारखे नाहीत. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने ते दहावीनंतर लगेच वाचावेत, बारावीच्या ऑक्टोबरात नव्हे. हे सगळं पाहून बहुतेक मुलं जाणार नाहीत, आणि त्यात काही वावगं नाही. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली बनारसहून केंब्रिजला गेले. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हेही केंब्रिजला शिकून आलेले. प्रत्येक घरात अशी वाट आधी पडलेली नसते.

पण प्रश्नपत्रिकांना व्हिसा लागत नाही. सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या अकरावीतल्या मुलीने केंब्रिजला अर्ज करण्याचा विचारही केला नसेल, तरी रविवारी दुपारी 'स्टेप'चा एक प्रश्न घेऊन बसायला तिला कोणाची परवानगी नको. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या किंवा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षेतही गणिताच्या सिद्धता लिहाव्या लागतात. तिथे हाच सराव थेट उपयोगी पडतो, आणि त्या दारांपर्यंतचा खर्च कितीतरी कमी आहे. गणिताच्या शिक्षकांनी आठवड्यातला एक तास अशा एका प्रश्नाला दिला, फळ्यावर उत्तर न लिहिता मुलांना अडू दिलं, तर वर्गातल्या दोन-तीन मुलांना आपण कोण आहोत हे त्या तासाला कळू शकेल.

तर मघाचा प्रश्न घेऊ. त्याचा पुढचा भाग राहिला आहे. चौथ्या घातात ४ ऐवजी ६४ मिळवले तर? १ साठी ६५, म्हणजे ५ गुणिले १३. २ साठी ८०. ३ साठी १४५. युक्ती तीच चालते, आणि या वेळी तर १ चाही अपवाद उरत नाही : लहान अवयव 'संख्येतून २ वजा करून केलेला वर्ग, अधिक ४' असा निघतो आणि तो चाराच्या खाली येऊच शकत नाही. आता ६४ ऐवजी ३२४ घ्या. पुन्हा अवयव पडतात. पण १०० घेऊन पाहा, ही युक्ती लागू पडत नाही. ४, ६४ आणि ३२४ यांत असं काय आहे जे १०० मध्ये नाही, आणि या मालिकेतली पुढची संख्या कोणती? कागद घ्या. अर्धा तास आहे.